मोटारीने नाणेघाटापर्यंत

पुण्याहून निघून शिवनेरी चढावा व त्याच दिवशी परतावे, असा आमचा बेत होता. परंतु अवसरी खुर्दच्या शिवारात मातोश्रींनी ‘‘इतकी घाई कशास?’’ असे विचारून मोटार थांबवविली. सत्तरीच्या वयात त्यांना गड चढवणार नाही, याचा आम्हांस विसरच पडला होता! बेत बदलला. शिवरायांच्या त्या जन्मस्थानास (१६३०) त्यांनी जुन्नरातूनच हात जोडले. दुसरे दिवशी मोटार नाणेघाटाच्या माथ्याशी पोहोचली. कल्याण बंदराकडून जुन्नरास येणारी सातवाहनकालीन व्यापारी वाट ती हीच. जकातीचा म्हणून दाखवितात तो दगडी रांजण पाहून मातोश्री स्वस्थ बसल्या. खाली कोकण पसरले होते. वाचकहो, वडीलधाऱ्यांस बरोबर न्यावे आणि एक दिवस अधिक काढावा.