अदृश्य नगरीचे अंमलदार

भुताखेतांच्या गोष्टी आपल्यापैकीं बहुतेकांनीं लहानपणीं ऐकलेल्या असतात. त्या गोष्टींतील भूत राहतें कोठें? गांवाबाहेरच्या वडावर, पडक्या विहिरींत, स्मशानांत, नाहीं तर एखाद्या ओसाड वाड्यांत. माणसांची वर्दळ जेथें संपते तेथें त्याचें राज्य सुरू होतें, अशी ही जुनी वांटणी आहे. ज्या कथाप्रकाराविषयीं मी आज बोलणार आहें त्यानें ही वांटणीच मोडून टाकली आहे. त्यांतील भुतें, जीन आणि चेटके भर शहरांत, ट्रॅमगाडींत आणि भाड्याच्या खोल्यांत वावरतात. आणि जेथें वस्ती तेथें तंटा, व जेथें तंटा तेथें पोलिस, या न्यायानें त्यांच्यावर नजर ठेवणारें एक खातेंही तेथें असतें. इंग्रजींत या प्रकाराला 'अर्बन फँटसी' म्हणतात. आपण तिला नागर अद्भुतकथा म्हणूं. या कथेची एक शाखा गेल्या वीस वर्षांत चांगलीच फोफावली आहे. तिच्यांतील अंमलदार समलिंगी असतो. म्हणजे पुरुषाचें पुरुषावर किंवा स्त्रीचें स्त्रीवर प्रेम असतें. भुतांचा पोलिस आणि असें प्रेम या दोन गोष्टी एकत्र कां याव्यात, हा आजचा प्रश्न आहे.

अतिमानुष घटनांचा छडा लावणारा शोधक हा कांहीं नवा प्राणी नव्हे. शेरलॉक होम्सच्या कीर्तीच्या काळांतच, १९०८ सालीं, अल्जर्नन ब्लॅकवुड यांनीं डॉक्टर जॉन सायलेन्स याला वाचकांसमोर आणलें, आणि १९१३ सालीं विल्यम होप हॉजसन यांच्या कार्नॅकीच्या कथा पुस्तकरूपानें निघाल्या. परंतु हे दोघेही खासगी गृहस्थ होते. बोलावणें आलें म्हणजे जावें, पिशाच्चाचा बंदोबस्त करावा आणि घरीं येऊन मित्रांना हकीकत सांगावी, एवढाच त्यांचा व्यवसाय. पुढें दूरचित्रवाणीवरील 'द एक्स-फाइल्स' ही मालिका १९९३ सालीं व 'मेन इन ब्लॅक' हा चित्रपट १९९७ सालीं आला, आणि सरकारी नोकरीतला शोधक घरोघर परिचित झाला. २०११ सालीं बेन आरोनोविच यांच्या 'रिव्हर्स ऑफ लंडन' या कादंबरींत तर लंडनचा एक साधा पोलिस शिपाईच जादूचा उमेदवार झाला. खासगी शोधक आणि अंमलदार यांत भेद एकच, पण तो मोठा आहे. अंमलदाराच्या पाठीशीं अधिकार असतो, आणि त्यानें कोणास पकडावें हें त्याची मर्जी ठरवीत नाहीं, कायदा ठरवितो.

आतां हा कायदा समलिंगी मनुष्याशीं कसा वागला तें पाहूं. इंग्लंडांत १८८५ सालीं हेन्री लाबूशेर या सभासदाच्या सूचनेवरून पुरुषापुरुषांतील शरीरसंबंध, मग तो चार भिंतींच्या आड कां असेना, गुन्हा ठरला. या कलमामुळें चोरून पैसे उकळणाऱ्यांचें इतकें फावलें कीं लोक त्याला अशा लबाडांची सनदच म्हणूं लागले. दहा वर्षांनीं, १८९५ सालीं, ऑस्कर वाइल्ड यांना याच कलमाखालीं दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. इंग्लंड व वेल्समध्यें हा कायदा १९६७ सालीं सैल झाला, तोही कांहीं अटींवर. अमेरिकेंत १९५३ सालीं अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या हुकुमानें समलिंगी मनुष्य मध्यवर्ती सरकारच्या नोकरीस अपात्र ठरला, आणि त्यासाठीं नोकरांच्या खासगी आयुष्याच्या चौकशा झाल्या. आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेंतील ३७७ वें कलम मुंबई-पुण्यासही लागू होतें. प्रौढांच्या संमतीनें होणाऱ्या संबंधांपुरतें तें सर्वोच्च न्यायालयानें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं रद्द ठरविलें. सारांश, खऱ्या इतिहासांत अंमलदार हा पाठलाग करणारा आणि समलिंगी मनुष्य हा पाठलाग होणारा. या कथांनीं त्या दोघांना एकाच देहांत आणून बसविलें. या प्रकाराचें सारें मर्म येथें आहे.

पहिलें उदाहरण शिकागो शहराचें. जॉर्डन कॅस्टिलो प्राइस यांच्या 'सायकॉप' मालेचें पहिलें पुस्तक २००६ सालीं निघालें. तिचा नायक व्हिक्टर बेन हा पोलिस डिटेक्टिव्ह असून त्याला मृतात्मे दिसतात. खून झालेल्या मनुष्याची साक्ष काढतां येणें ही पोलिसखात्यास केवढी सोय! परंतु या सोयीची किंमत व्हिक्टरला मोजावी लागते. मृतांचा कोलाहल थांबावा म्हणून तो गोळ्या घेतो, आणि तरुणपणीं ज्या संस्थेंत त्याच्या शक्तीची परीक्षा झाली तेथील आठवणींनीं तो अजून दचकतो. त्याचा प्रियकर जेकब मार्क्स हाही डिटेक्टिव्हच. पण त्याच्यावर कोणाच्या मनःशक्तीची मात्रा चालत नाहीं. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं व्हिक्टरला आपल्या प्रेमापेक्षां आपल्या दृष्टीचीच लाज अधिक वाटते. ज्या इलिनॉय राज्यांत ही कथा घडते, तें समलिंगी संबंधांवरील शिक्षा काढून टाकणारें अमेरिकेंतील पहिलें राज्य होय. तो बदल १९६२ पासून अमलांत आला. लपविण्याची जुनी संवय मात्र जागा बदलून शिल्लक राहते, हें लेखिकेनें ओळखलें आहे.

दुसरें उदाहरण व्हिक्टोरिया राणीच्या काळांतील लंडनचें. के. जे. चार्ल्स यांच्या 'द मॅगपाय लॉर्ड' या २०१३ सालच्या कादंबरींत बापानें चीनला हांकून दिलेला लॉर्ड क्रेन अनेक वर्षांनीं घरीं परततो, आणि कोणीतरी केलेल्या चेटकामुळें त्याला पुनःपुन्हा आत्मघाताची वासना होऊं लागते. त्याला सोडविण्यास येतो स्टीफन डे. हा जादूगारांनाच कायद्याच्या चौकटींत ठेवणारा अंमलदार. अंगानें लहान, कामानें थकलेला आणि स्वतःच्या जातभाईंना नकोसा. क्रेनच्या बापानेंच डेच्या बापाचें वाटोळें केलेलें असतें. तरीही कर्तव्य म्हणून तो शत्रूच्या मुलाचा जीव वांचवितो. पुढच्या वर्षीं निघालेल्या दुसऱ्या भागांत कोणी एक त्यांचा संबंध उघड करण्याची धमकी देतो. इकडे जो मनुष्य रात्रभर चेटक्यांना शासन करीत हिंडतो, तोच तिकडे एका चिठ्ठीनें तुरुंगांत जाऊं शकतो! १८८५ च्या कलमाचा अर्थ शंभर पानांच्या निबंधानें कळणार नाहीं इतका या एका प्रसंगानें कळतो.

तिसरें उदाहरण कैरोचें. पी. जेली क्लार्क हे व्यवसायानें इतिहासकार आहेत. त्यांची 'अ मास्टर ऑफ जिन' ही कादंबरी २०२१ सालीं निघाली व तिला नेब्युला पारितोषिक मिळालें. कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या 'अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' ज्या घरांत वाचल्या गेल्या, त्यांना जीन परका नाहीं. परंतु क्लार्क यांचे जीन बाटलींत कोंडलेले नाहींत. ते १९१२ च्या कैरोंत नागरिक म्हणून राहतात. वास्तविक इतिहासांत इंग्रजांनीं १८८२ सालीं मिसर व्यापलें होतें. येथें मात्र जिनांच्या साह्यानें मिसर स्वतंत्र होऊन बलाढ्य राष्ट्र झालें आहे. या राज्याच्या किमया, जादू व अतिमानुष प्राणी यांच्या खात्यांत फातमा ही तरुण अधिकारी विलायती सूट, डोक्यावर गोल हॅट आणि हातांत छडी अशा थाटांत काम करते. सीती नांवाच्या स्त्रीवर तिचें प्रेम आहे. परसत्ता गेल्यावर देश केवळ नकाशावर मोकळा होतो, कीं त्यांतील माणसेंही मोकळीं होतात, हा प्रश्न या कथेच्या पोटांत आहे.

या तिन्ही कथांत एक न्यायतत्त्व समान आहे. चांगला अंमलदार 'तूं कोण आहेस?' असें विचारीत नाहीं. 'तूं काय केलेंस?' असें विचारतो. भूत असणें हा गुन्हा नव्हे, जीन असणें हाही नव्हे. दुसऱ्यास पीडा देणें हा गुन्हा होय. ज्याला स्वतःला केवळ असण्याबद्दल गुन्हेगार ठरविलें गेलें, त्याच्याइतका हा भेद दुसऱ्या कोणास कळणार?

यावर एक आक्षेप निघतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाहीं. पोलिसाला नायक केलें म्हणजे पाळत ठेवण्याची भलावण होते. कालचा पीडित आज गणवेश चढवून दुसऱ्यास पीडूं लागला तर त्यांत न्याय कोणता? या प्रकारांतील सामान्य पुस्तकें या प्रश्नाला बगल देतात आणि सुंदर नायक, भयंकर राक्षस व गोड शेवट यांवर भागवितात. चांगलीं पुस्तकें तसें करीत नाहींत. 'सायकॉप' मालेंत अतींद्रिय शक्ति असलेल्या लोकांवर पाळत ठेवणारें एक सरकारी खातें आहे. तें व्हिक्टरवरही नजर ठेवतें, आणि पुढें जेकब त्याच खात्यांत चाकरी धरतो. घरांतील प्रेम आणि कचेरींतील निष्ठा यांचा तेथें जो झगडा होतो, त्याला भुतांची गरजच उरत नाहीं.

प्रारंभीं या कथा लहान प्रकाशकांच्या आधारानें वाढल्या. २०२१ च्या सुमारास मोठ्या प्रकाशनसंस्थाही त्या आवडीनें काढूं लागल्या. ज्यांना भूत म्हटलें म्हणजे हंसूं येतें त्यांनींही यांतील एखादें पुस्तक हातीं घेऊन पाहावें. अदृश्य प्राण्यांच्या निमित्तानें तीं अशा माणसांविषयीं बोलत आहेत, जीं पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच गल्लींत, आपल्याच घरांत होतीं, आणि ज्यांना न पाहण्याचें आपण ठरविलें होतें. त्यांना पाहण्यास कोणतीही अतींद्रिय दृष्टि लागत नाहीं.