एक रकाना वाढवायला काय लागतं?

धाराशिव जिल्ह्यात सोयाबीनच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ, हे नेहमीचं आंतरपीक. आता ते सातबाऱ्यावर नोंदवायचं ते ई-पीक पाहणीच्या ॲपमधून. हे ॲप 15 ऑगस्ट 2021 रोजी राज्यभर सुरू झालं. 2022 च्या खरिपात आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत मुख्य पिकासोबत तीन दुय्यम पिकं नोंदवायची सोय झाली.

‘त्यात काय, एक रकाना तर वाढवायचा!’ हा पहिला गैरसमज. पडद्यावर रकाना एकच दिसतो. पण त्यामागे सगळ्या पिकांच्या क्षेत्राची बेरीज गटाच्या क्षेत्राबाहेर जाऊ नये, हे बघावं लागतं. नोंद गाव नमुना बारामध्ये, म्हणजे सातबाऱ्याच्या पिकांच्या भागात, नीट उतरावी लागते. शिवारात रेंज नसताना फोनमध्ये साठवलेली आणि घरी येऊन चढवलेली माहितीही जुळावी लागते. शिवाय कुणाच्या तरी फोनमध्ये जुनीच आवृत्ती असते. तरीही ही भर योग्यच होती, कारण ही गुंतागुंत मुळात रानातली आहे. संगणकशास्त्रज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी 1986 मध्ये हाच भेद मांडला: कामाच्या अंगची गुंतागुंत वेगळी आणि आपण ओढवून घेतलेली वेगळी.

‘नवी सोय ज्याला हवी त्यानं चालू करावी, बाकीच्यांना काय त्रास?’ हेही फसवं. चालू-बंद करता येणारे दहा पर्याय दिले, तर त्यांच्या चालू-बंद जुळण्या 1,024 होतात. एवढ्या कोण तपासणार?

काही मागण्या तर न मानलेल्याच बऱ्या. दुसऱ्या आवृत्तीत नोंद 48 तासांत एकदाच दुरुस्त करता यायची, हा अनेकांना आडमुठेपणा वाटला. मला तो नियम रास्त वाटतो. दहा टक्के नोंदी तलाठी पडताळत. नोंद कधीही बदलता आली, तर त्यांनी नेमकं काय पडताळायचं?

‘जास्त लोकांनी मागितलं म्हणजे गरज मोठी’ हे निम्मंच खरं. ज्याला पडदा उमगत नाही तो मागणी करत बसत नाही. भाच्याच्या हातात फोन देतो. त्याची मोजदाद कुठेच होत नाही, आणि प्रत्येक नव्या बटणानं असे लोक वाढतात.

म्हणून मागणी करताना बटण मागण्यापेक्षा अडचण सांगितलेली बरी. ‘तूर शोधायला यादी फार खाली सरकवावी लागते’ एवढं कळलं, तर नवा रकाना कशाला? तालुक्यातली नेहमीची पिकं यादीत वर आणली, की काम भागतं.