प्रिंट नेमकी कुठे अडते?

जूनमध्ये गडहिंग्लजच्या सेवा केंद्रांत पाय ठेवायला जागा नसते. दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, नॉन-क्रिमिलेअर यांसाठी नूल, नेसरी, हलकर्णीकडची माणसं सकाळच्या एसटीनं आलेली असतात. अशाच एका गर्दीत एक मावशी काउंटरला टेकून उभ्या होत्या. अर्ज आणि जोडपत्रं मिळून नऊ पानांचा संच छापून हातात आला, की त्यांना कचेरीत जायचं होतं आणि परतीची गाडी गाठायची होती. "मावशी, नेट स्लो हाय, प्रिंट यीना झालीया," ऑपरेटर मुलगा अगदी मनापासून सांगत होता. फाईल त्याच्या पडद्यावर उघडलेली दिसत होती, प्रिंटर चार हातांवर होता. मी मोबाईलवर वेळ लावली. बटण दाबल्यापासून पहिलं पान बाहेर यायला साडेचार मिनिटं लागली.

त्या साडेचार मिनिटांचा नेटशी काहीही संबंध नव्हता. संगणक-प्रिंटर दुरुस्तीच्या कामात मला हे वाक्य जितक्या वेळा ऐकू येतं, तितकं दुसरं कुठलंच येत नाही. त्याचा त्रास मात्र काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला होतो, म्हणून हे गैरसमज दूर करावेत असं फार दिवस मनात आहे.

छापायची फाईल आधी ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रामकडे जाते. तो तिचं प्रिंटरला कळेल अशा भाषेत रूपांतर करतो. हे रूपांतर संगणकाच्या डिस्कवर एका रांगेत थांबतं, त्याला स्पूल म्हणतात. मग ते केबल किंवा वाय-फायवरून प्रिंटरकडे जातं. प्रिंटरमधला छोटा प्रोसेसर त्याचे ठिपके करतो आणि शेवटी तापलेल्या रोलरखालून कागद जातो. वेळ यांपैकी कुठेही जाऊ शकतो. तो कुठे जातोय हे शोधायला दहा मिनिटं पुरतात. आधी प्रिंटरच्याच बटणांवरून त्याचं स्वतःचं चाचणी पान काढा. ते झटकन आलं, तर यंत्र ठणठणीत आहे. मग त्याच संगणकावर नोटपॅडमध्ये एक ओळ लिहून छापा. तीही झटकन आली, तर संगणक, केबल आणि प्रिंटर तिन्ही निर्दोष. दुखणं त्या विशिष्ट फाईलमध्ये किंवा ती छापण्याच्या पद्धतीत आहे. नोटपॅडची ओळही रखडली, तर दुसऱ्या संगणकावरून तीच छापून बघा. हे न करता थेट नवा प्रिंटर घेणारी कार्यालयं मी पाहिली आहेत. नव्या प्रिंटरवरही प्रिंट तशीच रखडते.

आता "नेट स्लो" या समजुतीकडे येऊ. कार्यालयातला संगणक आणि तिथलाच प्रिंटर यांच्यातली वाहतूक इंटरनेटवर जातच नाही. ती राऊटर किंवा स्विचमधून आतल्या आत फिरते. बाहेरची फायबर तुटली असली, तरी छपाई चालू राहते. एक हिशेब करून बघा. ए-फोर पान ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपक्यांनी, काळं-पांढरं छापायचं, तर साधारण ३ कोटी ४८ लाख ठिपके होतात. एका ठिपक्याला एक बिट धरला, तर ते सव्वाचार एमबीच्या आसपास भरतं. १०० मेगाबिटचं साधं जुनं नेटवर्कसुद्धा सेकंदाला अकरा एमबीच्या आसपास वाहून नेतं. म्हणजे अख्खं पान अर्ध्या सेकंदाच्या आत पोहोचतं. केबलचा कनेक्टर नीट क्रिम्प केलेला नसेल आणि माहिती पुन्हापुन्हा पाठवावी लागत असेल, किंवा प्रिंटर दोन भिंतींपलीकडे अशक्त वाय-फायवर असेल, तर गोष्ट वेगळी.

नेटचा दोष खरोखर असतो तो दोन ठिकाणी. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला, तो पोर्टलच्या सर्व्हरवर तयार होऊन आपल्याकडे उतरतो. पोर्टलवर ताण असला की वेळ लागतो, पण ती फाईलची वाट असते, प्रिंटची नव्हे. दुसरं म्हणजे, ज्या पतसंस्थेच्या शाखेतला प्रोग्राम मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरवर चालतो आणि छपाईचा मजकूर तिथून रिमोट डेस्कटॉपमधून शाखेच्या प्रिंटरवर येतो, तिथे नेटचा वेग प्रत्येक पावतीला भोवतो.

"फाईल तर दोनच एमबीची आहे" हा दुसरा समज. मोबाईलनं काढलेला १२ मेगापिक्सेलचा फोटो डिस्कवर दोन-तीन एमबीचा दिसतो, कारण तो दाबून ठेवलेला असतो. छापताना तो उलगडावा लागतो. १ कोटी २० लाख ठिपके, प्रत्येकाचे तीन रंग, म्हणजे ३६ एमबी. लोक आधार कार्ड, शाळेचा दाखला, रेशन कार्ड यांचे असे फोटो एका पीडीएफमध्ये घालून आणतात आणि छापायचं असतं ते काळं-पांढरं. स्कॅन करतानाच २०० किंवा ३०० डीपीआय आणि ग्रेस्केल निवडलं, तर कागद तितकाच वाचनीय येतो आणि ओझं कितीतरी हलकं होतं.

मराठीबद्दलचा समज मला सर्वांत जास्त खुपतो. "युनिकोडमुळे प्रिंट स्लो होते, जुना फॉन्टच बरा" असं अनुभवी माणसंही सांगतात. जोडाक्षरं जुळवणं, वेलांटी जागेवर बसवणं हे काम संगणक करतो आणि ते डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. लेझर प्रिंटरला अक्षर मराठी आहे की इंग्रजी, याचं सोयरसुतक नसतं. त्याला आकार मिळतात आणि तो ते छापतो. मग मराठी कागद रखडतो हा अनुभव खोटा का? खोटा नाही, पण कारण दुसरं आहे. काही पीडीएफ छापताना मात्रा सरकतात, जोडाक्षरं तुटतात. त्यावर तोडगा म्हणून अ‍ॅडोबी रीडरच्या प्रगत पर्यायांत 'चित्र म्हणून छापा' अशी खूण करायला कुणीतरी शिकवतं. तोडगा खरा आहे, अक्षरं शाबूत येतात. पण मग मजकूर मजकूर राहत नाही. प्रत्येक पान एक मोठं चित्र होऊन जातं. त्या केंद्रातला मुलगा सवयीनं प्रत्येक फाईलला ही खूण करत होता, वर दर्जा १२०० डीपीआय ठेवलेला. ६०० च्या चौपट ठिपके, तेही जुन्या संगणकावर आणि नऊच्या नऊ पानांना. खूण काढून आणि दर्जा ६०० वर आणून तोच संच पुन्हा पाठवला, तर पहिलं पान बारा सेकंदांत आलं. अक्षरं मोडतील त्याच फाईलला ही खूण करावी.

डॉट मॅट्रिक्सवर मात्र मराठीची अडचण खरी आहे. पतसंस्था, दूध संस्था, वजनकाटे इथे हे प्रिंटर अजून टिकून आहेत, कारण कार्बन प्रत काढायला सुईचा ठोसा लागतो, लेझरला ते जमत नाही. या यंत्रांच्या पोटात इंग्रजी अक्षरांचे साचे असतात, देवनागरीचे सहसा नसतात. इंग्रजी पावती छापताना संगणक फक्त अक्षरांचे क्रमांक पाठवतो. ८० अक्षरांच्या ६६ ओळी म्हणजे ५,२८० बाइट, आणि मसुदा दर्जात एका ओळीला डोक्याची एकच फेरी. विंडोजमधून मराठी पावती गेली की ती चित्र म्हणून जाते आणि एका ओळीसाठी तेच डोकं दोन-तीनदा फिरतं. इथे प्रिंटर बदलून भागत नाही. ड्रायव्हरमध्ये दर्जा कमी करावा, दोन्ही दिशांनी छापण्याचा वेगवान पर्याय चालू करावा आणि पावतीवरचा लोगो काढून टाकावा. लोगो छापील कागदावर आधीच असतो.

"मिनिटाला चाळीस पानांचा घ्या, प्रश्न मिटेल," असं विक्रेते सांगतात. जाहिरातीतला हा आकडा सलग छपाईचा असतो. तो आयएसओ २४७३४ या प्रमाणानं मोजतात, पहिल्या पानाच्या वेळेसाठी आयएसओ १७६२९ हे प्रमाण वेगळं आहे. कॅननचा एलबीपी २९०० आपल्याकडे घरोघरी आहे. त्याचा वेग मिनिटाला १२ पानं, म्हणजे पानाला पाच सेकंद, पण पहिल्या पानाला नऊ-दहा सेकंद लागतात. झोपलेलं यंत्र जागं व्हायचं असेल, तर आणखी जास्त, कारण टोनर वितळवणारा रोलर २०० अंशांच्या आसपास तापावा लागतो. सेवा केंद्रात बहुतेकांचं थोड्याच पानांचं काम असतं. तिथे चाळीस पानांचा वेग कधी वापरातच येत नाही. तिथे पहिल्या पानाचा वेळ विचारून यंत्र घ्यावं आणि कामाच्या वेळेत झोपेची मुदत वाढवून ठेवावी.

एलबीपी २९०० च्या जातीच्या प्रिंटरला नेटवर्कचं तोंड नसतं आणि स्मृती जेमतेम २ एमबी असते. म्हणजे वरच्या हिशेबातलं एक पानही न दाबता त्यात मावणार नाही. सगळी आकडेमोड संगणक करतो. असा प्रिंटर एका टेबलावरच्या संगणकाला यूएसबीनं जोडून बाकीच्यांना शेअर केला जातो आणि मग त्याला 'नेटवर्क प्रिंटर' म्हटलं जातं. पण त्या टेबलावर कुणी व्हिडिओ उघडला, अपडेट सुरू झालं किंवा संगणक झोपला, की सगळ्या कार्यालयाची छपाई थांबते. चार-पाच टेबलं असतील, तर स्वतःचा नेटवर्क पोर्ट असलेला प्रिंटर घेणं हाच खरा उपाय, आणि इथे मी खर्च करायला सांगेन.

टोनर संपत आल्यानं लेझर प्रिंट हळू होत नाही, ती फिकी होते. टोनर-बचत पर्यायानंही वेग वाढत नाही. जाड कागद आणि पाकिटं मात्र यंत्र मुद्दामच हळू ओढतं, कारण त्यांना उष्णता जास्त लागते. आधीच्या कामासाठी 'जाड कागद' निवडून तो तसाच राहिला असेल, तर साधं पानही रांगत येतं.

लाईट जाऊन आल्यावर प्रिंटर 'बिघडतो', तेव्हा बहुतेक वेळा त्याचा पत्ता बदललेला असतो. राऊटर पुन्हा सुरू झाल्यावर प्रिंटरला वेगळा आयपी देऊ शकतो. संगणक जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतो. वर्डसुद्धा उघडताना मुख्य प्रिंटरची चौकशी करतं, त्यामुळे छापायचं नसतानाही तिथे खोळंबा होतो. राऊटरमध्ये प्रिंटरचा पत्ता राखून ठेवावा, संगणकावर साधा टीसीपी-आयपी पोर्ट करावा आणि तो पत्ता चिठ्ठीवर लिहून यंत्राच्या बाजूला चिकटवावा.

राहिलं "पुन्हा एकदा प्रिंट दे". त्या दिवशी साडेचार मिनिटांत त्या मुलानं बटण तीनदा दाबलं होतं. पहिलं काम रांगेत असताना दुसरं आणि तिसरं त्याच्यामागे उभं राहिलं. मावशी आपला संच घेऊन कचेरीकडे गेल्या आणि पुढच्या माणसाच्या सातबाऱ्याऐवजी मावशींचीच आणखी अठरा पानं बाहेर येऊ लागली. मुलानं प्रिंटर बंद करून चालू केला, तरी ती येतच राहिली, कारण रांग प्रिंटरमध्ये नव्हती, संगणकात होती. विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन 'प्रिंट स्पूलर' थांबवला, सिस्टिम ३२ मधल्या 'स्पूल'च्या आतल्या 'प्रिंटर्स' फोल्डरमधल्या फाईली पुसल्या आणि स्पूलर पुन्हा सुरू केला. आलेली अकरा पानं मी त्या मुलाला पाठकोरी म्हणून ठेवायला सांगितली, पण त्यांवर मावशींच्या आधारचा नंबर होता. मग आम्ही ती फाडून टाकली.