बोर्ड परत आले? आधी वही काढा, मग सोल्डरिंग आयर्न

एलईडी बल्बचे ड्रायव्हर बोर्ड जोडून देण्याचं काम बरेच जण सुरू करतात, कारण भांडवल कमी लागतं. एक टेबल, दोन सोल्डरिंग आयर्न, एक मल्टीमीटर, झालं! पहिली ऑर्डर जाते आणि पंधरा दिवसांनी फोन येतो, "तुमचा माल परत पाठवतोय." त्या फोननंतर काय करायचं, ते आज सांगतो.

माझंच उदाहरण घ्या. पहिल्या २०० बोर्डांपैकी २६ परत आले. एका बोर्डामागे १२ रुपये सुटणार होते, म्हणजे एकूण २,४०० रुपये. परत आलेल्या प्रत्येक बोर्डावर भाडं, पार्ट आणि मजुरी धरून ५० रुपये गेले, म्हणजे १,३०० रुपये. निम्म्याहून जास्त नफा तिथेच संपला आणि गिऱ्हाईकासमोर मान खाली गेली ती वेगळीच.

तेव्हा मी दोन चुका केल्या. एक, सोल्डरिंग करणाऱ्या ताईंना सगळ्यांसमोर बोललो. दोन, समोर आलेल्या पहिल्याच बोर्डावर चार ठिकाणी सोल्डर मारला. बोर्ड चालू झाला, पण चारपैकी नेमका कुठला जोड खराब होता? आता ते कळायला मार्गच उरला नाही. दुरुस्ती झाली की पुरावा जातो, हे लक्षात ठेवा.

१. आधी मोजा

सगळे बोर्ड टेबलावर मांडा, भिंगातून एकेक बघा आणि वहीत रेघा मारा. माझी वही अशी होती: ड्राय सोल्डर १५, कॅपॅसिटर उलटा ५, दोन पायांमध्ये सोल्डर पसरून शॉर्ट ३, पार्टच खराब २, कारण कळलं नाही १. (तो एक म्हणजे मी घाईत हात लावलेला!) आता चित्र स्पष्ट झालं. एकटा ड्राय सोल्डर आटोक्यात आला, तर निम्म्याहून जास्त तक्रारी संपणार होत्या.

२. दोष कुठे आहे ते बघा

ते पंधराही जोड एकाच जागी होते, मोठ्या कॅपॅसिटरच्या निगेटिव्ह पायावर. हात चुकत असता तर दोष बोर्डभर विखुरला असता. एकाच जागी सापडतोय, म्हणजे कारण त्या जागेत आहे. तो पाय तांब्याच्या रुंद पट्टीला जोडलेला होता. रुंद तांबं उष्णता ओढून घेतं. आमचं आयर्न २५ वॅटचं, त्यात टोक काळं पडलेलं. सोल्डर वितळून वर बसायचा, पण पॅडला धरायचाच नाही.

३. एका वेळी एकच बदल करा

आधी फक्त आयर्न बदललं. तापमान सेट करता येणारं ६० वॅटचं घेतलं आणि दहा बोर्ड करून भिंगातून बघितले. जोड नीट बसले. आयर्न, वायर, फ्लक्स सगळं एकदम बदललं असतं, तर गुण कशाने आला ते समजलंच नसतं.

वायर घेतानाही सावध राहा. कथिल महाग, शिसं स्वस्त, म्हणून कमी कथिलाची रीळ स्वस्तात मिळते. ६३/३७ ची वायर १८३ अंशांला वितळते. ४० टक्के कथिलाची वायर पूर्ण वितळायला २३५ अंशांच्या पुढे जावं लागतं. जुन्या सेटिंगवर तिचे जोड कच्चे राहू शकतात. आणि हो, शिसं नसलेल्या सोल्डरचा चांगला जोडही थोडा मंद दिसतो. नुसत्या चकाकीवर जाऊ नका, सोल्डर पाय आणि पॅड दोन्हींवर उतरता पसरलाय का ते बघा.

४. बाकीच्या दोषांना सोपे उपाय

उलटा कॅपॅसिटर: अंगावरची पट्टी निगेटिव्ह बाजू दाखवते. आमच्या बोर्डावरची खूणच पुसट होती, म्हणून एक बरोबर जोडलेला नमुना बोर्ड कायम टेबलावर ठेवला. शॉर्ट: सोल्डर कमी वापरा, जास्तीचा विकने ओढून घ्या. खराब पार्ट: नवीन लॉट आला की आधी थोडे पार्ट मीटरवर तपासा.

५. पहिला पीस पास झाल्याशिवाय दुसरा नको

रोज सकाळी, आणि वायर किंवा पार्टचा लॉट बदलला की, पहिला बोर्ड पूर्ण तपासा. चालू करताना सिरीज बल्बच्या बोर्डवर लावा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटेल, बोर्ड जळणार नाही. इथे जिवाशी खेळ नको. २३० व्होल्ट डीसी झाले की कॅपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट असू शकतात, आणि स्विच बंद केल्यावरही ते काही वेळ टिकतात. डिस्चार्ज करून, मीटरने खात्री करूनच हात लावा. शिशाच्या वायरवर काम झालं की साबणाने हात धुतल्याशिवाय चहाला बसू नका.

शेवटचं. आयर्न बदलल्यावर मी ताईंची माफी मागितली, तीही सगळ्यांसमोर. त्या एवढंच म्हणाल्या, "टोक काळं पडलंय, हे मी दोनदा सांगितलं होतं." म्हणून सांगतो, माणसाला बोलण्याआधी त्याच्या हातातलं हत्यार बघा, आणि तो काय सांगतोय ते ऐका. वही आजच घाला. पहिली रेघ पडण्याची वाट बघू नका.