शिदोरी नसलेलं बी

पावसाळ्याच्या सुरुवातीला गडचिरोलीतल्या आलापल्लीकडच्या जंगलात एखाद्या जुन्या आंब्याच्या किंवा मोहाच्या झाडाखाली उभे राहा आणि मान वर करा. बेचक्याजवळ, जाड सालीला धरून, अरुंद आणि जाड पानांचं एक वेगळंच झाड बसलेलं दिसू शकतं. पानं दोन्ही बाजूंना ओळीनं लागलेली, मधोमध दुमडलेली. खाली बोटाएवढी जाड पांढरी मुळं लोंबतात. कुणीतरी लगेच सांगेल, "बांडगूळ आहे ते!"

थांबा. बांडगूळ वेगळं. बांडगुळाचं मूळ फांदीच्या आत घुसतं आणि झाडाच्या आतलं पाणी पितं. आपलं हे झाड मात्र सालीला फक्त धरून बसतं. आंब्याचा एक थेंबही ते घेत नाही. पावसाचं पाणी, सालीच्या खाचांत साठलेली धूळ, कुजलेला पाचोळा, पाखरांची विष्ठा, एवढ्यावर त्याचं भागतं. हे ऑर्किड आहे. मराठी पुस्तकांत ऑर्किडला आमरी म्हणतात, आणि या आमरीचं शास्त्रीय नाव व्हँडा टेसेलाटा. उन्हाळा संपता संपता तिला फुलं येतात. पिवळसर-तपकिरी पाकळ्यांवर बारीक जाळीची नक्षी, मध्ये निळसर-जांभळी जीभ, आणि वासही गोड.

चंद्रपूरच्या मे महिन्याबद्दल तुम्हाला काय सांगायचं! पारा ४६-४७ अंशांवर जातो, नाल्यांची वाळू भाजते, साग निष्पर्ण उभा असतो. आणि ही आमरी त्या उन्हात, मातीचा कणही नसताना, फांदीवर हिरवी. कशी काय? दिवसा ती आपल्या पानांवरची बारीक छिद्रं मिटून घेते. रात्री गारवा आला की उघडते, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेते आणि साठवून ठेवते. दुसऱ्या दिवशी ऊन आलं की छिद्रं बंदच ठेवून त्या साठ्यापासून अन्न बनवते. त्यामुळे पाणी फारसं उडून जात नाही. तिच्या मुळांवर मेलेल्या, पोकळ पेशींचा एक पांढरा थर असतो. पावसाची सर आली की तो थर पाणी झटकन ओढून घेतो आणि बघता बघता पांढरी मुळं हिरवी दिसू लागतात. पाऊस पडल्यावर लगेच मान वर केलीत, तर हा रंगबदल तुम्हाला स्वतः पाहता येईल.

फुलानंतर फळ धरतं. शेंगेसारखं, बोटभर लांब, अंगावर उभ्या कडा असलेलं. ते पिकायला काही महिने लागतात. मग ते कडांच्या बाजूनं उकलतं आणि आतून पिवळसर भुकटी उडते.

ती भुकटी म्हणजे बिया.

ऑर्किडच्या एका फळात हजारो, कधी लाखो बिया असतात. काही परदेशी जातींच्या एकाच फळात तीस-चाळीस लाख बिया सापडल्या आहेत. एका ग्रॅममध्ये लाखो बिया बसतील इतक्या त्या हलक्या. भिंगाखाली पाहिलं तर बीचं पातळ, जाळीदार कवच दिसतं, आत बरीचशी हवा आणि मधोमध थोड्याशा पेशींचा एक इवलासा ठिपका. तो ठिपका म्हणजे उद्याचं झाड. अशी बी वाऱ्यावर किती लांब जाते? इंडोनेशियातल्या क्राकाटोआ बेटावर १८८३ साली ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला आणि बेटावरची सगळी झाडं नाहीशी झाली. जवळची मोठी बेटं सुमारे चाळीस किलोमीटर दूर, मध्ये समुद्र. तरी पुढच्या वीस वर्षांच्या आत तिथं ऑर्किडं उगवलेली शास्त्रज्ञांना दिसली.

आता एक हिशोब. चार्ल्स डार्विन हा मोठा निसर्गशास्त्रज्ञ ऑर्किडवर फार जीव लावून होता. १८६२ साली त्यानं ऑर्किडवर एक पुस्तक लिहिलं, त्यात त्यानं बिया मोजल्या. इंग्लंडमधल्या एका साध्या ऑर्किडच्या एका फळात त्याला सुमारे ६,२०० बिया मिळाल्या. झाडावर फळं ३०. म्हणजे एका झाडाच्या बिया एक लाख ८६ हजार! त्यातल्या काही वाईट निघाल्या असं धरलं, तरी उरलेल्या सगळ्या उगवल्या तर एका झाडाची पोरं एक एकर जमीन भरून टाकतील, आणि पणतवंडं जवळजवळ पृथ्वीवरची सगळी जमीन, असा त्यानं हिशोब मांडला. मग पृथ्वीभर ऑर्किडच ऑर्किड का नाहीत? त्यांना कोण अडवतं? ते माहीत नाही, असं डार्विननं सरळ लिहून टाकलं. एवढा मोठा शास्त्रज्ञ आपल्या पुस्तकात न सुटलेला प्रश्न उघडपणे ठेवतो, हे मला फार आवडतं.

उत्तर बीच्या आतच होतं. मोहाचं बी फोडून पाहा. आत तेलानं भरलेली जाड दळं असतात. आपल्याकडे माणसं त्या बियांचं तेल काढतात, पण झाडानं ते तेल आपल्या पिल्लासाठी ठेवलेलं असतं. रोपाला पहिली पानं फुटेपर्यंतची ती शिदोरी. हरभरा, भात, आंब्याची कोय, सगळ्यांची हीच रीत. ऑर्किडच्या बीला शिदोरी जवळपास नाहीच. हलकं व्हायचं, वाऱ्यावर उडायचं, तर ओझं टाकून द्यावं लागतं. पण मग रिकाम्या पोटी ते रुजणार कसं?

याचा उलगडा १८९९ साली झाला. नोएल बेर्नार नावाचा पंचविशीतला फ्रेंच तरुण तेव्हा सैन्यात नोकरी करत होता. पॅरिसजवळच्या फाँतेनब्लोच्या जंगलात फिरताना त्याला पाचोळ्याखाली गाडलं गेलेलं एका ऑर्किडचं फळ सापडलं. हे ऑर्किडही मोठं विचित्र, हिरवं पान नावालाही नसलेलं. त्या फळातल्या बिया आतल्या आत रुजल्या होत्या. बेर्नारनं त्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या, आणि प्रत्येक रुजलेल्या बीच्या आत त्याला बुरशीचे धागे दिसले.

बुरशी! शिळ्या भाकरीवर येते त्याच मोठ्या कुळातली, पण वेगळ्या जातीची. ही बुरशी कुजणाऱ्या सालीत, पाचोळ्यात राहते. ती बीच्या आत शिरते आणि तिथं धाग्यांची गुंडाळी करून बसते. तुम्हाला वाटेल, आता ती बी खाऊन टाकणार. घडतं उलटं. बी त्या गुंडाळ्या पचवते आणि त्यावर वाढते. बुरशीनं पाचोळ्यातून मिळवलेली साखर अशी आयती बीच्या पोटात जाते. योग्य जातीची बुरशी योग्य जागी भेटली नाही, तर लाखो बिया तशाच संपतात. डार्विनला न सापडलेलं कारण ते हेच. बेर्नारनं पुढे त्या बुरश्या वेगळ्या काढल्या, काचेच्या नळीत बिया आणि बुरशी एकत्र ठेवून रोपं उगवून दाखवली. १९११ साली तो वारला तेव्हा अवघा ३६ वर्षांचा होता.

आता अमेरिकेत जाऊ. कॉर्नेल विद्यापीठात लुईस नडसन नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी विचार केला, बुरशी शेवटी बीला साखरच देते ना? मग आपणच साखर दिली तर? त्यांनी पाण्यात थोडे क्षार घातले, साखर घातली आणि ते घट्ट व्हावं म्हणून समुद्री शेवाळापासून मिळणारं अगर घातलं. त्यावर ऑर्किडच्या बिया पसरल्या. बुरशी अजिबात नाही. बिया रुजल्या! १९२२ साली त्यांनी हे जाहीर केलं. बुरशीशिवाय वाढलेलं झाड निरोगी असेल का, त्याला फूल येईल का, अशी शंका काहींनी काढली. १९३० साली नडसननी बुरशीशिवाय वाढवलेल्या ऑर्किडला फूल आल्याचंही छापून दाखवलं. त्यांनी पुढे सुधारलेली 'नडसन सी' ही कृती जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वापरतात. एक लिटर पाण्याला २० ग्रॅम साखर, म्हणजे मोजून चार चमचे, आणि चिमूटभर क्षार.

मग हे घरी सहज का करता येत नाही? कारण गोड जेली सगळ्यांनाच आवडते. हवेत बुरशीचे कण आणि जीवाणू सतत तरंगत असतात. त्यातला एक कण बाटलीत पडला तरी तीन-चार दिवसांत सगळी बाटली तो व्यापून टाकतो. ऑर्किडच्या बीला हलायलाच कित्येक आठवडे लागतात, ती या शर्यतीत टिकणार कशी! म्हणून प्रयोगशाळेत बाटल्या आणि खुराक ऑटोक्लेव्हमध्ये घालतात. तो प्रेशर कुकरच्याच तत्त्वावर चालतो. आत १२१ अंश तापमानाची वाफ असते आणि पंधरा-वीस मिनिटांत सगळे जंतू मरतात. मग गाळलेली हवा सतत वाहत असलेल्या एका मेजासमोर, हात स्पिरिटनं पुसून, काम करायचं.

आणि बी निर्जंतुक कशी करायची? जंतुनाशकात धुतली तर एवढीशी बी मरूही शकते. इथं एक सुंदर युक्ती आहे. फळ उकलायच्या आधीच, हिरवं असताना घ्यायचं. बंद फळाच्या आत जंतू शिरलेले नसतात. म्हणून फक्त बाहेरची साल साफ करायची. फळ साबणानं घासायचं, ब्लीचच्या पाण्यात ठेवायचं, स्पिरिटमध्ये बुडवून क्षणभर ज्योतीवर धरायचं. मग धारदार पात्यानं उभं चिरायचं आणि आतली भुकटी बाटलीतल्या जेलीवर पसरायची. झाकण घट्ट. पुढे फक्त वाट पाहायची.

काही आठवड्यांनी बिया फुगतात, पांढऱ्याच्या हिरव्या होतात. या हिरव्या गोळीला ना मूळ असतं ना पान. तिला प्रोटोकॉर्म म्हणतात. मग गोळीच्या टोकाला एक टोचा येतो, तेच पहिलं पान. त्यानंतर मूळ. बाटलीत दाटी झाली की रोपं दुसऱ्या बाटलीत हलवायची. त्या बाटलीतल्या खुराकात लोक काय काय घालतात म्हणता! कुस्करलेलं केळं, कोळशाची पूड, शहाळ्याचं पाणी.

शहाळ्याचं पाणी म्हटल्यावर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. नारळाच्या पाण्यात वनस्पतीच्या पेशींना भराभर वाढायला लावणारी द्रव्यं असतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रजनी नाडगौडा, व्ही. ए. पाराशरामी आणि ए. एफ. मस्करेन्हस हे शास्त्रज्ञ बांबूची इवली रोपं बाटलीत वाढवत होते. तुमच्या नदीकाठी जो काटस बांबू असतो, तोही त्यांच्या प्रयोगात होता. बांबूला फूल येतं ते कित्येक वर्षांनी, आणि फुलून गेला की बांबू मरतो, हे गडचिरोलीतल्या मुलांना मी सांगायला नको. त्यांच्या खुराकात नारळाचं पाणी आणि पेशी वाढवणारं एक संप्रेरक होतं. आणि त्या बाटलीत, काही महिन्यांच्या रोपांना, चक्क फुलं आली! बीसुद्धा धरलं. १९९० साली ही बातमी 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आली.

पुन्हा आमरीकडे. बाटलीतलं रोप बोटभर झालं की त्याला बाहेर काढतात. हा काळ फार नाजूक. बाटलीत हवा दमट असते, जंतू नसतात, जेवण आयतं असतं. बाहेर वारा, ऊन, गोगलगाई. आधी मुळांना चिकटलेली सगळी जेली धुऊन टाकायची, कारण त्यात साखर आहे आणि बुरशी टपलेलीच आहे. मग विटांचे तुकडे, कोळसा, नारळाची शेंडी यांत रोप लावायचं, आणि हळूहळू त्याला मोकळ्या हवेची सवय करायची. फूल दिसायला आणखी चार-पाच वर्षं सहज लागतात.

एवढा खटाटोप कशासाठी? ब्रिटनमध्ये चपलेच्या आकाराच्या पिवळ्या फुलाचं एक ऑर्किड होतं. लोकांनी ते इतकं उपटून नेलं, की शेवटी यॉर्कशरमध्ये एकच रानटी झाड उरलं. त्याची जागा गुप्त ठेवली, राखणदार बसवले. क्यू इथल्या जगप्रसिद्ध वनस्पतिउद्यानातल्या शास्त्रज्ञांनी त्याच्या बिया बाटल्यांत रुजवल्या, रोपं वाढवून रानात लावली. सन २००० मध्ये त्यांतल्या एका रोपाला रानात पहिलं फूल आलं. आपल्या व्हँडावर अशी पाळी आलेली नाही. पण औषधासाठी, शोभेसाठी रानातून ऑर्किडं ओरबाडणं सगळीकडे चालतं. बाटलीत हजारो रोपं करता येत असताना फांदीवरचं जुनं झाड उपटणं मला अजिबात पटत नाही. जगातल्या देशांनी रानटी ऑर्किडांच्या व्यापारावर एका कराराने निर्बंध घातले आहेत, आणि गंमत म्हणजे त्या करारात बहुतेक जातींच्या बंद बाटलीतल्या निर्जंतुक रोपांना सूट आहे.

एक अडचण अजून उरते. बाटलीतून आलेलं रोप फांदीवर बांधलं, ते वाढलं, फुललं, त्याच्या बिया वाऱ्यावर उडाल्या. त्यांना साखर कोण देणार? आलापल्लीच्या 'वनवैभवा'त, जिथं जुने प्रचंड साग राखून ठेवले आहेत, तिथं प्रयोगशाळेची जेली नाही. तिथं पुन्हा बुरशीच लागणार. म्हणून काही शास्त्रज्ञ बियांबरोबर त्यांची बुरशीही शोधतात. कशी? अगदी बारीक जाळीच्या पाकिटात थोड्या बिया ठेवतात. जमिनीवरच्या ऑर्किडची पाकिटं मातीत पुरतात, झाडावरच्या ऑर्किडची सालीला बांधतात. जाळीतून बी बाहेर पडत नाही, पण बुरशीचा धागा आत जातो. महिने जातात. मग पाकीट उघडून भिंगाखाली पाहायचं. बहुतेक बिया तशाच असतात. पण एखादी फुगलेली गोळी दिसली, की तिच्या आतली बुरशी अलगद काढायची, वेगळ्या बाटलीत वाढवायची, आणि पुढच्या वेळी बिया पेरताना साखरेऐवजी तीच द्यायची.