विहीर तुमची, पण भूजल कुणाचं?

‘जमीन माझी, म्हणजे खालचं पाणीही माझंच’ हा समज अर्धाच खरा आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने जमीनमालकाला आपल्या हद्दीतलं भूजल उपसायचा हक्क दिला. पण भूजल बांध ओळखत नाही; एकाच्या खोल बोअरने शेजारची विहीर आटू शकते. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी जगण्याच्या हक्कात धरलं. त्याच न्यायालयाच्या कमलनाथ खटल्यातल्या १९९६ च्या निकालाने सरकारला नैसर्गिक संपत्तीचं विश्वस्त ठरवलं. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतांना संरक्षण दिलं.

‘बोअरचा खर्च शेतकऱ्याचा, मग उपशावर बंधन का?’ हा आक्षेप रास्त आहे. पण खर्चाने बोअर मालकीची होते, भूगर्भातला सामाईक साठा नाही. शिवाय बेसुमार उपशाचा पहिला फटका छोट्या शेतकऱ्यालाच बसतो. म्हणून बंधन हे त्याचंच संरक्षण आहे.