कानातील अखंड नाद

रात्री घरातील माणसे झोपी गेली, रस्त्यावरची वर्दळ थांबली, की काही जणांना कानातला एक आवाज विशेष जाणवू लागतो. कोणाला रातकिड्यांची किरकिर, कोणाला शिटीसारखा सूर, तर कोणाला दूरच्या घंटेचा घणघणाट. शेजारच्या माणसाला मात्र काहीच ऐकू येत नाही. मग "हे तुमच्या मनाचे खेळ" असे म्हटले जाते, आणि रोगी आपल्याच घरात एकाकी होतो.

परंतु हे मनाचे खेळ नव्हेत. सुश्रुतसंहितेत कर्णरोगांमध्ये 'कर्णनादा'ची गणना आहे. थोर संगीतकार बीथोव्हेन याने १८०१ साली एका मित्राला लिहिलेल्या पत्रात, आपले कान रात्रंदिवस गुणगुणत असल्याचे दुःख सांगितले होते.

आपल्या अंतर्कर्णात सुमारे १५,००० सूक्ष्म केशपेशी असतात. ध्वनीचे संदेश मज्जातंतूंकडे पोचविणे हे त्यांचे कार्य. वार्धक्याने किंवा गोंगाटाने त्या नष्ट झाल्या, की पुन्हा उत्पन्न होत नाहीत. संदेश क्षीण झाले, की मेंदू आपली ग्रहणशक्ती वाढवितो, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. रेडिओचे केंद्र नीट लागत नसता आवाज वाढवावा आणि खरखरच वाढावी, तसाच हा प्रकार!

कानात साचलेला मळ, मधल्या कानाचे विकार, ॲस्पिरिनची मोठी मात्रा, क्विनीन अथवा स्ट्रेप्टोमायसिन यांमुळेही कर्णनाद संभवतो. मात्र वैद्यांच्या सल्ल्यावाचून चालू औषध बंद करू नये. नाद एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्यांबरोबर उमटत असेल किंवा सोबत भोवळ येत असेल, तर कानाच्या डॉक्टरांना अवश्य दाखवावे. एकाएकी ऐकू येईनासे झाल्यास एक दिवसही दवडू नये. कानात काडी घालणे वा गरम तेल ओतणे मात्र कटाक्षाने टाळावे.

मळ किंवा संसर्ग हे कारण असल्यास त्यावरील उपचाराने आराम पडतो. इतरांसाठी नाद समूळ घालविणारे औषध अद्याप नाही. तरीही निराश होण्याचे कारण नाही. ऐकू कमी येत असल्यास श्रवणयंत्राने पुष्कळांचा त्रास कमी होतो. निजताना पंख्याचा किंवा मंद संगीताचा स्वर सोबतीला असावा. नादाविषयीची भीती घालविणाऱ्या मानसोपचाराने त्याचा जाच कमी होतो, हे प्रयोगांती दिसून आले आहे. घड्याळाची टिकटिक जशी आपण विसरतो, तसाच हा नादही पुष्कळांच्या बाबतीत हळूहळू मागे पडतो.

त्यासाठी घरच्यांनी एवढेच करावे : रोग्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा.